मिसेस चो, कलावंतीण

प्रणिताची पँट लांब होती, तिथून सगळं सुरू झालं.

खरं तर पँट बरोबर होती, प्रणिताच बुटकी होती. पण नागपूरहून बेलव्ह्यूला नुकत्याच आलेल्या मुलीला अमेरिकेत बुटक्यांचा वेगळा सेक्शन असतो हे कोण सांगणार? तिनं सेलमध्ये दिसली ती काळी फॉर्मल पँट उचलली. सोमवारी क्लायंट मीटिंग, आणि पँट अशी की बुटांवरून खाली सांडून ऑफिसचं कार्पेट पुसेल. रूममेट रेणू म्हणाली, स्टेपल कर. रेणू पुण्याची, तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं आणि ते स्टेपलर, सेलोटेप नाहीतर मॅगी यांच्यापैकीच एक असतं. प्रणिताला ते पटेना. शनिवारी सकाळी ती पँट घडी करून क्रॉसरोड्स मॉलच्या मागे चालत गेली. तिथे एक डोनटवाला आणि एक टॅक्स भरून देणारा यांच्या मधे ड्रायक्लीनिंग आणि अल्टरेशनचं छोटं दुकान होतं.

दुकानात कोणीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले सूट रांगेनं लटकलेले, काउंटरवर घंटी. ती घंटी वाजवणार तेवढ्यात आतून ढोलकी ऐकू आली.

म्हणजे ढोलकी नव्हे, ढोलकीची थोरली मावशी म्हणा. आवाज जाड, अंगानं भरलेला, आणि चाल एकदम निवांत. आता प्रणिता कोणाची मुलगी? ईश्वर ढोलकीवाल्यांची. नागपुरात जयंतीला ज्यांची ढोलकी वाजल्याशिवाय गाण्याच्या कार्यक्रमाला तोंड फुटायचं नाही, ते तिचे बाबा. ती बोलायला लागायच्या आधी वाजवायला लागली होती. त्यामुळे झालं असं, की आतला ठेका एका जागी थोडा थांबत होता, श्वास घेत होता, आणि त्या मोकळ्या जागेत प्रणिताची बोटं आपोआप काउंटरवर पडली. आतला आवाज बंद. मग पुन्हा सुरू. पुन्हा ती जागा आली, पुन्हा बोटं पडली. आणि पडदा बाजूला सारून एक बाई बाहेर आली.

केसांचा कुरळा पर्म, गळ्यात मापाची टेप, साठीच्या पुढचं वय, ओठांत दाबलेल्या टाचण्या. टाचण्या दाबूनच तिनं विचारलं, तू वाजवलंस? प्रणिता सॉरी म्हणाली. बाईनं टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि म्हणाली, सॉरी नको. परत वाजव.

पँट त्या दिवशी झालीच नाही. सोमवारी ती स्टेपल करूनच मीटिंगला गेली, आणि रेणूनं ते पुढचा आठवडाभर ऐकवलं.

पण प्रणिता दर शनिवारी तिथे जायला लागली. बाईचं नाव चो सुन-जा, सगळे मिसेस चो म्हणायचे. नवरा वारलेला, मुलगा टेक्सासला. आतल्या खोलीत शिलाई मशिनच्या बाजूला एक आरसा होता, भिंत भरून. आरशासमोर मिसेस चो नाचायच्या. अडचण अशी की स्वतः नाचायचं आणि स्वतःच वाजवायचं हे जमत नाही, आणि जुनी कॅसेट इतकी झिजली होती की मधेच रडायला लागायची. त्यांना वाजवणारं माणूस हवं होतं. त्यांचं वाद्य म्हणजे चांगू. डमरू मोठा करून आडवा ठेवला तर कसा दिसेल, तसं. एका तोंडावर हात, दुसऱ्यावर बारीक काडी. प्रणिताला ते महिन्याभरात असं बसलं की मिसेस चो म्हणाल्या, गेल्या जन्मी तू कोरियन असशील. प्रणिता म्हणाली, आम्ही बुद्धाचे, पण गेला जन्म वगैरे मानत नाही. मिसेस चो म्हणाल्या, मग या जन्मी तरी हात सरळ ठेव.

मिसेस चो त्यांच्या कोरियन चर्चमधल्या मुलींना पंख्यांचा नाच शिकवायच्या. गुलाबी पंखे उघडतात, सगळ्या मुली मिळून एक फूल होतं, आया फोटो काढतात, कसं छान. पण आतल्या खोलीतला नाच तो नव्हता. हातात एक लांबलचक पांढरा रुमाल, बस. बराच वेळ काहीच होत नाही. खांदा श्वास घेतो. टाच उचलते आणि ठेवू की नको असा विचार करते. आणि अचानक रुमाल उडतो. मधेच तो रुमाल मुद्दाम खाली टाकायचा. मग त्याच्याभोवती फिरायचं, घ्यावा की राहू द्यावा, आणि शेवटी जमिनीपर्यंत वाकून तो उचलायचा. त्या वाकण्यात सगळा नाच आहे, असं मिसेस चो म्हणायच्या. प्रणितानं एकदा सांगून पाहिलं की आमच्याकडे लावणीत बाई सगळं समोर टाकते, तुम्ही सगळं आत ओढता. मिसेस चोंनी लगेच म्हटलं, दाखव. प्रणितानं पदर नसताना पदर धरून दोन अदा केल्या आणि मिसेस चो इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

हा नाच मिसेस चो चर्चमध्ये कधीच करत नव्हत्या. का, ते प्रणिताला तिच्या स्वतःच्या मूर्खपणामुळे कळलं.

त्याचं असं, की रेणूला तेव्हा कोरियन सिरियल्सचं वेड लागलं होतं. इथे केबलवर एक कोरियन चॅनल यायचा. रात्रीचं जेवण झालं की दोघी इंग्लिश सबटायटल्स वाचत जुन्या राजांच्या गोष्टी बघायच्या. त्यातून प्रणितानं काही शब्द उचलले होते, आणि शिकवणाऱ्या बाईला काय म्हणतात तेही. सनसेंगनिम. म्हणजे आपलं गुरुजी. म्हटलं, मिसेस चोंना खूश करू. शनिवारी दुकानात गेली, चर्चच्या दोन काकू कोट घ्यायला आलेल्या, आणि प्रणितानं दारातूनच खणखणीत आवाजात, वाकून वगैरे, हाक मारली, "गीसेंगनिम!"

मशिन थांबलं. एका काकूच्या हातातला हँगर तसाच हवेत. दुसरीनं कोट पोटाशी धरला. मिसेस चोंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर गिळल्या असत्या. काकू गेल्या, दाराची घंटी वाजून थांबली, आणि मग मिसेस चोंनी सांगितलं की सनसेंग म्हणजे शिक्षक, आणि गीसेंग म्हणजे, ती तुमच्या सिरियलमधली, जी राजासमोर नाचते आणि शेवटी विष पिते, ती.

प्रणिताला वाटलं आता चांगू गेला, शनिवार गेला. ती इतकी सॉरी सॉरी करायला लागली की मिसेस चोंनी तिला स्टुलावर बसवून हातात चहा दिला. आणि म्हणाल्या, दोन्हीतलं सेंग एकच आहे. लिहितानासुद्धा एकच अक्षर. आणि माझ्या बाबतीत तर माणूसही एकच होतं.

मग गोष्ट निघाली. मिसेस चो जिंजू नावाच्या गावच्या. तिथे लहानपणी त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, जुन्या गीसेंगपैकी जवळपास शेवटची. तरुणपणी गीसेंगच्या शाळेत शिकलेली. नाच, गाणं, चांगू, ब्रशनं अक्षर काढणं, पाहुण्यानं कवितेची एक ओळ टाकली तर दुसरी तिथल्या तिथे जोडणं, सगळं तिथे शिकवायचे. घरंदाज बायकांना वाचता येत नव्हतं तेव्हा या बायका कविता करत होत्या. अंगावर रेशीम, बोलावणं मोठमोठ्या घरांतून, आणि समाजात जागा मात्र सगळ्यात खालची. लढाई संपली, देश बदलला, म्हातारीकडे कोणी फिरकेना. फक्त ही शेंबडी सुन-जा जायची, आईचा मार खाऊन जायची. तिनं हा रुमालाचा नाच शिकवला. लग्न ठरलं तेव्हा मिसेस चोंच्या आईनं सगळ्यांना सांगितलं की मुलगी शाळेत नाच शिकली. अमेरिकेत आल्यावर तेच सांगितलं. अजून तेच सांगतात. मिसेस चोंना सगळ्यात जास्त काय लागत होतं माहितेय? की आपण कोणाकडून शिकलो, तिचं नाव उभ्या आयुष्यात एकदाही मोठ्यानं घेतलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत अशा बाईला काय म्हणतात?

आता इथे प्रणितानं दुसरी चूक केली. पहिली चूक मूर्खपणाची होती, ही प्रेमाची. तिच्या बाबांचे उस्ताद आयुष्यभर तमाशात ढोलकी वाजवलेले. त्यामुळे घरात एक शब्द बाबा नेहमी मान खाली घालून, आदरानं उच्चारायचे. प्रणितानं तोच सांगितला. म्हणाली, कलावंतीण. कला म्हणजे आर्ट, आणि कलावंतीण म्हणजे जिच्याकडे कला आहे ती.

मिसेस चोंनी तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. मग कापडावर खुणा करायच्या खडूनं आरशाच्या कोपऱ्यात त्यांच्या गोल गोल अक्षरांत लिहून ठेवला. का-ला-वान-तिन. म्हणाल्या, किती सुंदर लोक आहात तुम्ही. आमच्या शब्दावर लोक थुंकतात, आणि तुम्ही सरळ सांगता, जिच्याकडे कला आहे.

त्यांचा चेहरा असा फुलला होता की प्रणिताच्या जिभेवर आलेलं उरलेलं अर्धं तिथेच विरघळलं. आपल्याकडे चौकात हा शब्द कसा टाकतात, शेजारणीला शिवी द्यायची असेल तर कसा काढतात, ते सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं तर गेलं, बेलव्ह्यूमध्ये कोण ऐकतंय. पण मराठी मंडळाची दिवाळी आली.

मंडळाच्या सुहासिनीकाकू, कल्चरल सेक्रेटरी. कार्यक्रम म्हटला की त्या घड्याळ मनगटावर नाही, डोक्यात बांधतात. त्यांनी फोन केला. म्हणाल्या, प्रणिता, अगं लहान मुलांचे चार फिल्मी मेडली आहेत, एक नाट्यसंगीत आहे, काहीतरी वेगळं दे ना. प्रणिताच्या तोंडातून निघून गेलं की माझ्या एक कोरियन गुरू आहेत. काकू म्हणाल्या, वा, फ्यूजन.

मिसेस चोंनी आधी साफ नाही म्हटलं. मग मशिनवर बसून बराच वेळ एकाच शिवणीशी खेळत राहिल्या आणि विचारलं, तिथे कोरियन लोक असतात? नाही. चर्चचं कोणी? छे. मग त्यांनी शिवणीवरची नजर न काढता विचारलं, तर तिथे मी सांगू शकते ना, की मी कोणाची शिष्य? तुमच्या शब्दात?

प्रणिता हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पण झोप उडाली. तिनं नागपूरला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग काय चुकीचं सांगितलंस, मी तर हाच अर्थ सांगतो. ती म्हणाली, बाबा, लोक काय अर्थ सांगतात? तर बाबा म्हणाले, "एका तोंडाची ढोलकी असते काय, बेटा? दोन्ही तोंडं वाजवून दाखव नं बाईला. अर्धं काहून ठेवलंस?"

बरोबर होतं. तिला पटलंही. एका शब्दानं माणसाला कसं खाली बसवतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती, शाळेत आडनाव विचारून झाल्यावरची शांतता तिनं ऐकलेली होती. म्हणूनच तर तिला ते मिसेस चोंना सांगवेना. दर शनिवारी ठरवून जायची, आणि दर शनिवारी चांगूवर बसून परत यायची. शेवटी रेणूनं मार्ग काढला, या वेळी स्टेपलरशिवाय. म्हणाली, यार, अनाउन्समेंट मराठीतच होणार ना? काकूंना सांग, ज्येष्ठ नृत्यांगना म्हणा. तुझ्या बाईंना काय कळतंय? त्यांना वाटेल तोच शब्द आला.

एकदम परफेक्ट प्लॅन. त्यात भोक एकच होतं, ते पुढे येईलच.

तर दिवाळीचा कार्यक्रम. शाळेचं भाड्यानं घेतलेलं ऑडिटोरियम, इलेक्ट्रिकची समई, बाहेर फराळाच्या टेबलावर चकल्यांपेक्षा माणसं जास्त. पहिल्या रांगेत शशिकांतकाका, सुहासिनीकाकूंचे मिस्टर. मरून झब्बा, आणि कॉमेंट्री चालू. स्टेजवर कोणीही आलं की काका काहीतरी टाकणार आणि मागच्या दोन रांगा हसणार, हे ठरलेलं. मनानं वाईट माणूस नाही, पण जीभ कायम चपला घालून बाहेर पडायला तयार.

विंगेत मिसेस चो उभ्या. फिक्या निळ्या रंगाचा तो त्यांचा भला मोठा घेरदार स्कर्ट, छातीशी लांब बंदांची एक गाठ, पर्म कुठे गायब झालेला, चापून विंचरलेले केस. प्रणितालाही त्यांनी तसाच ड्रेस शिवला होता, आणि हे सांगितलंच पाहिजे, तिच्या आयुष्यातला तो पहिला कपडा जो उंचीला बरोबर होता.

सुहासिनीकाकू माइकवर गेल्या आणि त्यांच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, आता सादर होत आहे कोरियाचं पारंपरिक नृत्य, सादर करीत आहेत ज्येष्ठ नृत्यांगना श्रीमती चो.

प्रणितानं श्वास सोडला. आणि बघते तर मिसेस चो माइककडे निघालेल्या.

हेच ते भोक. मिसेस चोंना मराठीतला एकच शब्द येत होता. आणि ज्याला एकच शब्द येतो तो त्याच एका शब्दाची वाट बघत असतो. तो आलाच नाही. बाई स्टेजवर गेल्या, काकूंना कमरेत वाकून नमस्कार केला, माइक आपल्या उंचीला खाली ओढला आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, मॅडम विसरल्या, मी सांगते. आणि मग एकेक अक्षर पॉलिश केल्यासारखं,

"आय अॅम कलावंतीण. माय टीचर, मिस हान ओक-सन. शी, ग्रेट कलावंतीण."

आणि पहिल्या रांगेतून काका म्हणाले, "वा. मग खुर्च्या कशाला, गाद्या आणि लोड तरी टाकायचे."

मागच्या दोन रांगा हसल्या. मग त्यांच्या मागच्या. कुठलंतरी पोरगं, मम्मी व्हॉट डिड शी से, आणि मम्मी त्याला दाबतेय. सुहासिनीकाकूंचा चेहरा असा झाला की आज काकांना घरी फराळ मिळणार नाही हे बाल्कनीतूनही कळावं. त्या माइकवर म्हणाल्या, दोन मिनिटं, साउंड चेक. चेक करायला साउंड कुठे होता, नुसता चांगू. पण पडदा पडला.

मिसेस चो विंगेत आल्या. रुमाल हातात तसाच. त्यांनी विचारलं,

"का हसले?"

प्रणिताला वाटलं, सांगावं की त्यांना उच्चार गोड वाटला. खोटं अगदी तयार होतं, शिवून इस्त्री करून. पण बाई तिच्याकडे बघत होत्या, आणि चांगू तिच्या मांडीशी होता. तिनं त्याच्या एका तोंडावर हात ठेवला.

"सनसेंगनिम, या शब्दाला दोन तोंडं आहेत. मी तुम्हाला एकच वाजवून दाखवलं." मग दुसऱ्या तोंडावर काडी टेकवली. "दुसरं तोंड म्हणजे, तुमच्याकडे जे म्हणतात ना, तेच. थुंकतात तेच. म्हणून मी काकूंना दुसराच शब्द म्हणायला सांगितला, ज्येष्ठ नृत्यांगना."

मिसेस चोंनी छातीशी असलेली ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, घट्ट. प्रणिता म्हणाली, आपण जाऊ या घरी, मी काकूंना सांगते.

"मला संशय होताच," मिसेस चो म्हणाल्या. "इतका स्वच्छ शब्द? मी कपडे धुते, मला माहीत आहे. इतका स्वच्छ म्हणजे कोणी घातलेलाच नाही." आणि मग, "आता बरोबर वाटतो. हान ओक-सनला हाच होईल मापाचा."

आणि रुमालाच्या टोकानं त्यांनी प्रणिताच्या डोक्यावर एक फटका दिला. हा त्या ज्येष्ठ नृत्या-काहीतरीसाठी होता, मला न विचारता म्हणायला लावलंस म्हणून. मग पडद्याच्या फटीला डोळा लावून विचारलं, पहिल्यांदा बोलला तो कोण? प्रणिता म्हणाली, पहिल्या रांगेत, मरून झब्बा. मिसेस चोंनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप डोळ्यानं घ्यावं तशी.

पडदा वर गेला.

सुरुवातीला लोक कुजबुजत होते. मग खांद्यानं श्वास घेतला. टाच उचलली, विचार केला. प्रणिता वाजवत होती तो निवांत ठेका, जागा सोडून, आणि त्या जागेत हॉल हळूहळू शांत होत गेला, लहान पोरंसुद्धा. रुमाल उडाला, खांद्यावर पडला, पुन्हा उडाला. आणि रुमाल टाकायची वेळ आली. तो नेहमी मधोमध टाकायचा असतो. मिसेस चो चालत चालत स्टेजच्या अगदी कडेला आल्या, आणि तो असा सोडला की अर्धा स्टेजवर आणि अर्धा खाली लोंबतोय. बरोबर शशिकांतकाकांच्या नाकासमोर.

मुद्दाम की कसं, त्या कधीच सांगत नाहीत.

काकांनी बघितलं. त्यांना वाटलं, पडला. बिचाऱ्या म्हातारीच्या हातून पडला, आणि आता तिला वाकता येणार नाही. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, विंगेत बघितलं तर तिथे बायको, आणि तिची ती नजर. काका उठले. दोन पावलं पुढे आले, रुमाल उचलला आणि दोन्ही हातांवर धरून वर केला, घ्या बाई.

मिसेस चोंनी घेतला नाही.

नाचात तो लगेच घ्यायचाच नसतो ना. त्या त्याच्याभोवती फिरायला लागल्या, म्हणजे स्टेजवरून जेवढं फिरता येईल तेवढं. जवळ यायच्या, हात पुढे करायच्या, मागे घ्यायच्या, पाठ फिरवायच्या. काका तसेच उभे, आरतीचं ताट धरल्यासारखे हात वर. खाली ठेवावेत तर अपमान, वर ठेवावेत तर खांदे दुखतायत. कोणी हसत नव्हतं. प्रणिताला कळलं की बाई ठरवतील तेव्हाच हे संपणार, तिनं तोच ठेका धरून ठेवला, कमी नाही, जास्त नाही. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं, मग कॉमेंट्री गेली, आणि मग तिथे एक साधा माणूस उरला, जो एका बाईची वाट बघत होता.

मग मिसेस चो वाकल्या. गुडघे टेकून, पूर्ण, कपाळ जवळजवळ फळीला लागेल इतक्या, आणि रुमालाचं एक टोक धरून हळूहळू ओढला. तो काकांच्या हातांवरून पाण्यासारखा निघून गेला. आणि रिकामे झालेले ते हात, काकांना बहुतेक कळलंसुद्धा नाही, आपोआप जोडले गेले.

टाळ्या किती वाजल्या ते रेणूला विचारा, ती अजून वाढवून सांगते.

नंतर फराळाच्या टेबलाशी काका आले. हातात डिश, पण खात नव्हते. इंग्लिशमध्ये म्हणाले, मॅडम, माझी ती जोक करायची सवय, म्हणजे, मी जे म्हटलं. मिसेस चोंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, तुमची पँट लांब आहे. टाचेखाली येतेय. शनिवारी घेऊन या.

आणि शनिवारी ते खरंच आले. प्रणिता आत चांगू काढत होती. बाहेर चर्चच्या त्याच दोन काकू, एकीचा कोट, दुसरीचे पडदे. दाराची घंटी वाजली आणि काकांचा तो मंडळातला आवाज दुकानभर घुमला, या वेळी मान खाली घालून, अगदी प्रणिताचे बाबा म्हणतात तसा,

"कलावंतीणबाई आहेत का?"

चर्चच्या काकूंनी एकमेकींकडे बघितलं. मग मिसेस चोंकडे. कोरियनमध्ये एकीनं काहीतरी विचारलं, आणि प्रणिताला कोरियन येत नसलं तरी एवढं कळलं की तो माणूस तुला काय म्हणाला, असंच विचारतेय.

प्रणिता पडद्याशी थिजली. आत्ता काहीही सांगता आलं असतं. टेलर म्हणाला, मॅडम म्हणाला, मराठीत नमस्कार म्हणाला. कोण तपासणार होतं?

मिसेस चोंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या, सावकाश, सगळ्या. आणि कोरियनमध्ये बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. प्रणिताला त्यातले शब्द कळले ते तेवढेच, जिंजू, हान ओक-सन, आणि गीसेंग. गीसेंग म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला नाही.

एक काकू कोट उचलून निघून गेली. घंटी जोरात वाजली. दुसरी तिथेच उभी राहिली, पडद्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून. मग तिनं पर्स काउंटरवर ठेवली, काहीतरी छोटंसं विचारलं, आणि स्टूल ओढून बसली.

मिसेस चोंनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. चांगू बाहेर आण.

शशिकांतकाका पँट हातात धरून उभे. त्यांनी हळूच विचारलं, माझी कधी होईल? प्रणितानं त्यांना बोटानं खूण केली, बसा. आणि काका बसले, प्लॅस्टिकमधल्या सुटांच्या खाली.

पँट त्याही दिवशी झाली नाही.